दाराच्या फटीपासून सुरुवात : जुनी उघडी मोटार पुन्हा उभी करताना

जुनी कन्व्हर्टिबल मोटार पाहायला जाताना खिशात तीन वस्तू असाव्यात : पातळ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक, एक विजेरी आणि एक मोजपट्टी. इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी, रंगाकडे किंवा क्रोमच्या चकाकीकडे पाहण्याआधी गाडी सपाट जमिनीवर तिच्या चारही चाकांवर उभी करून घ्यावी, दोन्ही दारे बंद करावीत आणि दार व त्याच्या मागचा पत्रा यांमधली फट वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहावी. ही सहा मापे गाडीबद्दल जेवढे सांगतात, तेवढे विकणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी सांगू शकत नाही.

यामागचे कारण नवशिक्याने नीट समजून घेतले पाहिजे. बंद गाडीत जमीन, खांब आणि छत मिळून एक पेटी तयार होते आणि त्या पेटीमुळे गाडी ताठ राहते. उघड्या गाडीला वरचे झाकणच नसते, त्यामुळे तिचा सारा ताठपणा खालच्या भागातून, म्हणजे चेसिसमधून आणि दारांखालच्या उंबऱ्यांतून येतो. हे उंबरे, ज्यांना सिल म्हणतात, आतून पोकळ असतात, आणि पाणी साचण्याची जागाही नेमकी तीच असते. ते कुजले की गाडी मधोमध झोळीसारखी खाली येते, दाराच्या पुढचा आणि मागचा खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात, आणि फट वर आवळून खाली रुंदावते. दोन माणसांना गाडीत बसवून दार उघडून पाहावे. रिकाम्या गाडीत सहज उघडणारे दार माणसे बसल्यावर अडकत असेल, तर गाडीचा कणा दुबळा झाला आहे असे समजावे.

मी माझी पहिली गाडी घेतली तेव्हा चालकाच्या बाजूचे दार किंचित उचलून बंद करावे लागत होते. बिजागरी झिजली आहे, असे मला सांगण्यात आले आणि मी ते मानले. घरी आणल्यावर उंबऱ्यावर चुंबक फिरवले, तर हातभर लांबीवर ते कुठे चिकटेचना. पत्र्याच्या जागी तारेची जाळी होती आणि तिच्यावर बोटभर जाड लांबी (पुट्टी) थापून रंग दिलेला होता. ती गाडी शेवटी उभी राहिली, पण तिला चार पावसाळे लागले, आणि त्यांतला निदान दीड पावसाळा त्या सहा मापांनी वाचवला असता.

पहिली गाडी कोणती असावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भारतात मिळण्याजोग्या उघड्या गाड्यांमध्ये नवशिक्यासाठी हेराल्ड आणि मॉरिस मायनर या दोनच मला सुचवाव्याशा वाटतात, आणि त्यांतही हेराल्ड आधी. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली ब्रिटनमध्ये आली, तिचे रूप इटालियन रचनाकार जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचे, आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६० च्या दशकात ती स्टँडर्ड हेराल्ड या नावाने आपल्याकडे बनवली. त्या काळी नव्या गाड्या चेसिसविना, अखंड पत्र्याच्या बनू लागल्या असताना हेराल्डने मात्र स्वतंत्र चेसिस ठेवली आणि तिच्यावर बॉडीचे भाग बोल्टांनी जोडले. पुढचे मडगार्ड आणि बॉनेट मिळून एकच सलग भाग होतो, तो पुढच्या बाजूला बिजागऱ्यांवर उलटतो आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची सस्पेन्शन असे सगळे समोर मोकळे होते. टायरवर बसून इंजिनाचे काम करता येते, ही सोय शिकणाऱ्या माणसाला किती मोलाची आहे हे वाकून वाकून पाठ धरल्यावरच कळते. तिचे ९४८ सीसीचे इंजिन स्टँडर्ड टेन, पेनंट आणि नंतरची गझेल या गाड्यांतल्या इंजिनाच्याच घराण्यातले असल्यामुळे सुटे भाग शोधायला वावही बराच मिळतो.

मॉरिस मायनर दिसायला अधिक गोड आहे, तिचे सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही नव्याने बनतात. पण तिला स्वतंत्र चेसिस नाही. तिच्या उंबऱ्यांचे, जमिनीखालच्या आडव्या तुळईचे आणि मागच्या पाट्यांच्या (पट्टीच्या स्प्रिंगांच्या) टोकांचे काम म्हणजे गाडीच्या हाडांचेच काम असते. वेल्डिंगचा चांगला जाणकार सोबत असेल तरच ती घ्यावी.

बंद गाडीचे छत कापून केलेली ‘ओपन’ गाडी घेऊ नये. लग्नाच्या वरातीसाठी अशा गाड्या ठिकठिकाणी बनवल्या गेल्या आहेत आणि त्या स्वस्तात मिळतात. कारखान्यातून उघडी निघालेल्या मायनरमध्ये दारांच्या खांबांपाशी आणि डॅशबोर्डखाली जादा मजबुती दिलेली असते, ती कापलेल्या गाडीत नसते. हेराल्डचे छत मुळातच बोल्टांनी बसवलेले असल्याने ते काढणे सोपे आहे, म्हणून नोंदणी पुस्तकात बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत.

कागदांचे काम इथेच उरकून सांगतो. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी वाहनांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद झाली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, ती १० वर्षे चालते, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये पडतात आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. ज्यांना रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत मोकळेपणाने जायचे आहे, त्यांनी साधी नोंदणीच राखावी, दर पाच वर्षांनी तपासणी व पर्यावरण कर भरून तिचे नूतनीकरण करावे. दोन्ही वाटांनी पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत चेसिस क्रमांकाचा पेन्सिलीने काढलेला ठसा लागू शकतो. म्हणून गंज काढताना ग्राइंडर त्या आकड्यांच्या जवळपासही नेऊ नये, आणि रंगाआधी त्यांवर चिकटपट्टी लावावी. घासून पुसट झालेला आकडा पुन्हा सिद्ध करणे फार जिकिरीचे होते.

जागा आणि हंगाम

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न तर आहेच, पण उघडी गाडी खोलल्यानंतर तिला पावसापासून पूर्ण आडोसा लागतो. मी धायरीत पत्र्याचा एक गाळा भाड्याने घेतला होता. भाडे दरमहा जाते, म्हणून खर्चाच्या अंदाजात ते पहिल्या ओळीत लिहावे. गाळ्याची जमीन सिमेंटची आणि सपाट हवी. मातीच्या जमिनीतून चढणारी ओल उघड्या पत्र्याला महिनाभरात तपकिरी करते.

पुण्याच्या हवेत कामाचे वर्ष दसऱ्यापासून धरावे, असे मला अनुभवाने पटले आहे. पाऊस ओसरतो, हवा कोरडी होते आणि ऑक्टोबर ते मे या काळात पत्रा आणि रंग दोन्ही नीट होतात. जून ते सप्टेंबरमध्ये उघडा पत्रा ठेवूच नये. त्या महिन्यांत इंजिन, गिअरबॉक्स, कार्बोरेटर, वायरिंग अशी टेबलावर होणारी कामे घ्यावीत. नवशिक्यांचे बहुतेक प्रकल्प जुलैत रखडतात, कारण तोपर्यंत गाडी पूर्ण खोललेली असते आणि पत्र्याचे काम अर्धवट असते.

हत्यारांत खर्चाची काटकसर चालते, पण जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) चांगल्या घ्याव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. पान्यांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच कळलेली बरी : या ब्रिटिश गाड्यांचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावला की गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचे काम दुपारभर चालते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात इंची रिंग पाने चिकाटीने शोधले तर मिळतात. सुट्या भागांसाठी नाना पेठ, तारा आणि टर्मिनलसाठी तपकीर गल्ली, वॉशर, ब्रश आणि रसायनांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, इतक्या जवळ सगळे मिळणे हे पुण्यात हे काम करण्याचे खरे सुख आहे. भाग मागताना नाव सांगण्यापेक्षा जुना भाग पिशवीत घालून सोबत न्यावा.

खोलताना

सगळी गाडी एकदम खोलू नये. पहिल्याच उत्साहात सारे नटबोल्ट एका डब्यात जातात, आणि सहा महिन्यांनी तो डबा उघडताना मन खचते. एका वेळी एकच भाग घ्यावा, खोलण्यापूर्वी चारही बाजूंनी त्याचे छायाचित्र काढावे, त्याचे नटबोल्ट त्याच्याच नावाच्या पिशवीत ठेवावेत, आणि पिशवीवर तारीख व जागा लिहावी. हेराल्डच्या बॉडीखाली चेसिसवर जागोजागी पातळ चकत्या घातलेल्या असतात. दाराच्या फटी नीट याव्यात म्हणून कारखान्यात त्या कमीजास्त घातलेल्या असतात, त्यामुळे कोणत्या जागी किती चकत्या निघाल्या हे न चुकता टिपून ठेवावे. मोडके, कुजलेले भागही गाडी रस्त्यावर येईपर्यंत फेकू नयेत, कारण नवा भाग बनवून घेताना नमुना म्हणून तेच उपयोगी पडतात.

पत्रा

आता मुख्य काम. उंबरा किंवा जमिनीचा पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा टेकू बोल्टांनी किंवा वेल्डिंगच्या टाक्याने पक्का बसवावा, आणि त्याच्या जोडीला एक तिरपा टेकू द्यावा. टेकू बसवताना गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या खाली टेकलेली असावी, बॉडीच्या मधोमध जॅक लावून उचललेली नसावी. कारण ज्या आकारात टेकू बसेल त्याच आकारात गाडी कायमची पक्की होणार आहे. गाडी आधीच खाली आलेली असेल, तर टेकूत टर्नबकल (फिरवून लांबी कमीजास्त करायचा आट्यांचा जोड) घालून खांब थोडे थोडे दूर सारावेत, दर वेळी दार लावून फट पाहावी, आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी आल्यावरच कापायला घ्यावे. दोन्ही बाजूंचे कर्णही मोजावेत : डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर आणि त्याच्या उलटचे अंतर सारखे नसेल, तर गाडी पिळलेली आहे.

एका वेळी एकच उंबरा कापावा, तो पूर्ण जोडून झाल्यावरच दुसऱ्याला हात लावावा. दार काढून ठेवून उंबरा जोडू नये. दाराचे वजन बिजागरीवर असतानाच खांबाची खरी जागा कळते, म्हणून दर काही टाक्यांनंतर दार लावून बंद करून पाहावे. सलग वेल्डिंगने पत्रा तापून आखडतो, त्यासाठी लांबलांब टाके द्यावेत आणि मधल्या जागा सावकाश भराव्यात. नवशिक्याने वेल्डिंग स्वतः शिकावे का, असे मला अनेकदा विचारतात. जमिनीचे ठिगळ स्वतः करावे, जुन्या पत्र्याच्या तुकड्यांवर महिनाभर हात बसवून मगच करावे. उंबरे, चेसिसचे बाजूला निघालेले हात आणि पाट्यांचे आधार मात्र मुरलेल्या माणसाकडून करून घ्यावेत आणि त्या वेळी स्वतः तिथे उभे राहावे. डेंटरला घाई असते, त्याच्यासमोर पुढची गाडी उभी असते. मोजपट्टी आपल्या हातात असली म्हणजे त्याचेही काम नेटके होते, असा माझा अनुभव आहे. पेट्रोलची टाकी मात्र कुणीही, कितीही वर्षे रिकामी पडलेली असली तरी, तशीच वेल्डिंगला घेऊ नये; आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

बिजागऱ्या, कंस, कुलपे अशा लहान भागांचा गंज काढायला महागडे द्रावण लागत नाही. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून त्यात भाग रात्रभर बुडवावेत, सकाळी तारेच्या ब्रशने घासावेत, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून लगेच कोरडे करावेत आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा. स्प्रिंगांना हा उपाय करू नये, कारण आम्लामुळे ताठ पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो. मोठ्या पत्र्यावर प्रायमर कोणता, याबाबत जुने रंगारी रेड ऑक्साइडचा आग्रह धरतात; तो सच्छिद्र असतो आणि वर रंग चढेपर्यंत ओल शोषतो. काम महिनोन्महिने चालणार असेल तर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमरच वापरावा.

उंबरे आणि दारे यांच्या तळाशी पाणी निथळण्याची भोके असतात. वेल्डिंगमध्ये किंवा रंगात ती बुजतात आणि नवा पत्रा दोन पावसाळ्यांत आतून खायला लागतो. प्रत्येक भोकातून तार घालून ते मोकळे आहे याची खात्री करावी, आणि रंगकाम संपल्यावर सगळ्या पोकळ्यांत पातळ नळीने मेणाचा फवारा मारावा.

थांबणे, वळणे, चालणे

इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पूर्ण करावेत. या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असतो, त्यामुळे एका चाकाचा सिलिंडर किंवा एक नळी गळली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून रबरी किट, लवचीक नळ्या आणि धातूच्या नळ्या सरसकट बदलाव्यात, त्यात ‘ही बरी दिसते’ असे म्हणून काही ठेवू नये, आणि हँडब्रेक चढावर गाडी धरेल इतका चांगला करावा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रमातली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेकचे तेल रंगावर सांडले तर रंग सोडवते, म्हणून हे काम शेवटच्या रंगाच्या आधी उरकावे.

हेराल्डवाल्यांनी पुढच्या सस्पेन्शनची एक गोष्ट कधीही विसरू नये. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो, त्याला ट्रनियन म्हणतात. तिथे ग्रीस नाही, नव्वद नंबरचे गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आतली ओल निघत नाही, दांडा तिथे गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवे पडते. ग्रीसगन हातात घेतलेला मेकॅनिक सवयीने तिथे ग्रीसच भरतो, म्हणून हे काम आपल्या हाताने करावे. मागच्या बाजूला एकच आडवा पाटा आणि झुलणारे ॲक्सल आहेत. गाडी जॅकवरून उतरवली की मागची चाके खालच्या बाजूला आत वळलेली दिसतात, ती काही मीटर ढकलल्यावर सरळ होतात. त्यात बिघाड नाही. पण भर वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर हेच ॲक्सल आत दुमडू पाहतात, म्हणून वळणाआधीच वेग कमी करण्याची सवय लावावी.

बरीच वर्षे पडून असलेले इंजिन स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, चारपाच दिवस मुरू द्यावे, मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून ढकलून किंवा पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलकेच फिरवावे. अडले तर जोर न करता पुन्हा तेल सोडावे. मोकळे झाल्यावर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजावे. आकडे थोडे कमी असले तरी एकमेकांजवळ असतील, तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवताच गाडी चालवून पाहता येते. मी स्वतः पहिल्यांदा विनाकारण सारे इंजिन खोलले, आणि चांगल्या रिंगा बदलून बसलो.

इंधनाची बाजू मात्र आज पूर्णपणे नवी करावी लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ करते, हवेतली ओल ओढून घेते आणि टाकीतला जुना गंज सुटा करून कार्बोरेटरात पाठवते. टाकी आतून स्वच्छ करावी, नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घालाव्यात, कार्बोरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवावा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. या गाड्या शिशाच्या पेट्रोलच्या काळातल्या आहेत, आणि ते देशात २००० साली बंद झाले. त्यामुळे शिशावाचून झीज होऊ नये म्हणून हेड कधी उतरवावेच लागले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतात तिथे कठीण सीट बसवून घ्यावेत.

वायरिंगला हात लावताना बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे ते आधी पाहावे. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थ असते, आणि सवयीने ऋण टोक जोडणाऱ्याचा नवा रेडिओ पहिल्याच क्षणी जळतो. जुन्या तारांवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसला की रंग दिसतात : तपकिरी तार बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून इग्निशनवर चालणाऱ्या उपकरणांची, निळी हेडलाइटची, तांबडी बारीक दिव्यांची, काळी अर्थची. नवे जुडगे बनवून घेताना हेच रंग राखावेत, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कुणालाही ते वाचता येईल. नवी तार टाकूनही दिवा मंद लागत असेल तर दोष बहुतेक अर्थच्या जोडात, रंगाखाली दडलेल्या त्या एका बोल्टाशी सापडतो.

रंगाविषयी थोडक्यात. आधुनिक दोन घटकांचा रंग टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करते. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर तो घरी मारू नये, बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे गाडी न्यावी. आपण खालची तयारी करावी, कारण रंगाचे सौंदर्य पॉलिश पेपरच्या कामात असते आणि त्या कामाला पैशांपेक्षा वेळ लागतो.

कापडी टप

टप सर्वांत शेवटी, आणि घाई न करता. तो शिवणे हे कुशनवाल्याचे काम असले तरी तो कुठे आणि किती ताणायचा हे गाडीच्या मालकाला समजलेच पाहिजे, कारण अशी गाडी बहुतेक कुशनवाल्यांच्या हातून वर्षानुवर्षांत एखादीच जाते. गाडी घेतानाच टपाचा सांगाडा पूर्ण आहे ना ते पाहावे. कमानी आणि त्यांचे सांधे हरवलेले असतील तर ते मिळवणे इंजिन मिळवण्यापेक्षा अवघड आहे.

आधी सांगाडा उघडझाप करून त्याचे सांधे सैल-घट्ट नाहीत ना हे पाहावे, पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर सर्व रुंदीभर टेकते का ते तपासावे, आणि दारांच्या काचा वर करून त्या टपाच्या कडेला समांतर येतात का ते पाहावे. इथे पुन्हा दाराची फट येते : दार खाली झुकलेले असेल तर काच झुकते, आणि मग कितीही उत्तम शिवलेला टप त्या कोपऱ्यात गळतो. जुना टप फाटका असला तरी तो जपून उसवावा आणि त्याचे तुकडे नवे कापड बेतण्याचे नमुने म्हणून वापरावेत. नव्या कापडावर आणि प्रत्येक कमानीवर मधली रेघ खडूने काढून घ्यावी, कापड त्या रेघेवर आधी मागच्या बाजूला धरावे, मग पुढे, आणि शेवटी बाजूंना.

व्हिनाइलचा टप उन्हात मऊ होतो, म्हणून तो बसवायला मार्च-एप्रिलमधली पुण्याची दुपार उत्तम. तासभर उन्हात पसरून ठेवलेले कापड सुरकुती न पडता ताणले जाते. पण भर उन्हात शेवटचा ताण देऊ नये. सकाळच्या गारव्यात ते आखडते आणि टिचबटणे ओढून काढते. टिचबटणांची भोके टप दोन दिवस तात्पुरत्या चिमट्यांवर ताणून ठेवल्यानंतरच पाडावीत, कारण एकदा पडलेले भोक बुजवता येत नाही. ओला टप कधीही दुमडू नये. मागची पारदर्शक खिडकी दुमडताना तिच्यात मऊ सुती फडके ठेवावे आणि ती कोरड्या फडक्याने पुसू नये, धुळीने तिच्यावर चरे पडतात.

टप बसल्यावर गाडीत आत एका माणसाला विजेरी देऊन बसवावे आणि बाहेरून नळीने आधी खालून, मग काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर, शेवटी वरून पाणी सोडावे. सगळीकडे एकदम पाणी मारले तर गळतीचे मूळ सापडत नाही. या गाड्या नव्या होत्या तेव्हाही थोड्या गळायच्या, म्हणून जमिनीवर रबराच्या पाठीचा गालिचा चिकटवू नये. सुटा गालिचा घालावा आणि पावसानंतर तो उचलून वाळवावा.

पहिले पाचशे किलोमीटर घराजवळच फिरावे, सोबत पाने, फ्यूज, तार आणि पाण्याची बाटली ठेवावी, आणि दर आठवड्याला चाकांचे नट व ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी. पाचशे पूर्ण झाल्यावर गाडी पुन्हा गाळ्यात त्याच सपाट जमिनीवर उभी करावी, बॉडीचे सगळे बोल्ट तपासून आवळावेत, टप खाली करून दारे बंद करावीत, आणि वर, मध्ये व खाली दोन्ही फटी मोजून ती सहा मापे वहीत पहिल्या दिवशीच्या मापांच्या शेजारी लिहावीत. माझ्या वहीत त्या दोन ओळींमध्ये चार वर्षांचे अंतर आहे, आणि दुसऱ्या ओळीतले आकडे वरपासून खालपर्यंत एकच आहेत.